सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर : एका संख्येची आणि आमच्या वहीची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर आमच्या बचत गटाने केलेले भाषण)

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. तुमच्यासारख्याच आम्ही. सकाळी धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, दिवसभर उसाच्या रानात नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर काम, आणि महिन्यातून ठरल्या दिवशी गटाची बैठक. आज आम्हाला बोलायला सांगितलंय ते एका संख्येबद्दल. विषय ऐकून आमच्यातल्याच दोघी-तिघी म्हणाल्या, "बाई, गणित? रेडिओवर? बायका दुसरं स्टेशन लावतील." म्हणून आधीच विनंती करतो, पाच मिनिटं थांबा. भाकरी थापत असाल तर थापा. हात मोकळा असेल तर लेकराची वही आणि पेन्सिल घेऊन बसा.

घेतली पेन्सिल? आता कोल्हापूरचा फोनचा जुना कोड आठवा. शून्य दोन तीन एक. ०२३१. या चार अंकांची मोठ्यात मोठी संख्या करायची. मोठा अंक आधी, मग त्याहून लहान, असं उतरत यायचं. झाली ३२१०. आता त्याच चार अंकांची लहानात लहान संख्या करायची. लहान अंक आधी. झाली ०१२३. मोठीतून लहान वजा करा. ३२१० वजा १२३. उत्तर आलं ३०८७.

आता या ३०८७ला तेच करायचं. मोठी संख्या ८७३०, लहान ०३७८. वजा केली, आले ८३५२. परत तेच. ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर.

आता गंमत बघा. याला परत तेच करा. मोठी संख्या ७६४१, लहान १४६७. वजाबाकी किती? ६१७४. परत तीच! कितीदाही करा, ६१७४ जागचा हलत नाही.

तुम्ही म्हणाल, बरं, कोल्हापूरच्या कोडचं तसं होत असेल. नाही मैत्रिणींनो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. गाडीच्या पाटीवरची घ्या, सासऱ्यांच्या जन्माचं साल घ्या, डेअरीच्या पावतीवरची घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. ११११ किंवा ७७७७ घेतलं तर वजाबाकी शून्य येते आणि खेळ तिथंच संपतो. आणि मधे कुठं तीनच अंक आले, म्हणजे समजा ९९९ आलं, तर पुढे शून्य मांडून ०९९९ असे चार अंक करायचे. एवढं पाळलं की संख्या फिरत फिरत ६१७४ वरच येऊन थांबते. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात, आठवी कधी लागत नाही.

आम्ही बैठकीत करून बघितलं. आमच्या राजर्षी शाहू महाराजांचं जन्मसाल १८७४. त्याला सहा वजाबाक्या लागल्या. ८७४१ वजा १४७८ म्हणजे ७२६३. मग ५२६५, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि शेवटी ६१७४. महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचा हुकूम काढला ते साल १९१७. त्याला दोनच लागल्या. ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. संख्येला साल-बिल काही कळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वहीत ते उत्तर बघून आम्हाला बरं वाटलं, हेही खरं.

ही गंमत शोधून काढली कोणी? आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला जन्म. आठ वर्षांचे होते तेव्हा आई गेली. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. तिथं शिकत असतानाच १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. त्याच्या पुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिकवायला लागले १९३० मध्ये, आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत मास्तरकीच केली. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरल्या वेळात आकड्यांशी खेळायचं. लोक त्यांना गणितानंद म्हणायचे.

६१७४ ची ही गोष्ट त्यांनी १९४९ च्या सुमारास जगापुढे मांडली. पण मोठ्या विद्वानांनी त्या वेळी फारसं मनावर घेतलं नाही. हा तर पोरखेळ, याचा उपयोग काय, असंच बऱ्याच जणांना वाटायचं. मग १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर नावाच्या लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात कापरेकरांवर लिहिलं, आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले. आज जगात कुठंही ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. स्थिरांक म्हणजे जागचा न हलणारा अंक. आणि ऐका, आम्ही मास्तरांचं जन्मसाल १९०५ घेऊन बघितलं. त्याला लागतात पुऱ्या सात वजाबाक्या. ६१७४ ला पोचायला स्वतः मास्तरांनाच सगळ्यांत लांबची वाट!

आता तुम्ही विचाराल, बचत गटाच्या बायकांना हे कुठून कळलं, आणि याचं आमच्याशी काय देणंघेणं. तेच सांगायला आज आलोय. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या गटात अकरा जणी आहेत. हिशेब लिहायचं काम आमच्यातल्या एका वहिनींकडे. त्यांचं नाव इथं सांगत नाही. गोष्ट सांगा, पण नाव नको, असं त्याच म्हणाल्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं. आम्ही बाकीच्या जणी अंगठा सोडून सहीवर आलो तेवढंच, म्हणून वही त्यांच्याकडे. मानधन काही नाही. रात्री पोरं झोपल्यावर चुलीपुढं बसून लिहायच्या.

मार्च महिन्यात वर्षाचा ताळा करायला बसलो. रोकडवहीप्रमाणे गटाकडे जेवढे पैसे पाहिजेत तेवढे बँकेचं पासबुक आणि पेटी मिळून भरेनात. २७० रुपये कमी. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. २७० कमीच.

रक्कम मोठी नाही, असं शहरातली बाई म्हणेल. पण आमच्यात एकेक जण महिन्याला शंभर रुपये टाकते. दोनशे सत्तर म्हणजे खुरपणीची एका दिवसाची मजुरी जवळजवळ गेलीच की. आणि खरं सांगायचं तर प्रश्न रुपयांचा नव्हता. बैठकीत कोणी काही बोललं नाही, पण एकमेकींकडे बघितलं. मग पाण्याच्या टाकीजवळ बोलणं सुरू झालं. "लेकीचं लगीन ठरलंय न्हवं त्यांच्या." "गरज असंल बाई, पण सांगून घ्यायचं." असं बोलणं गावात पसरायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या, वही आणि पेटीची किल्ली अध्यक्षांच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "दोनशे सत्तर मी भरते. पण परत माझ्याकडनं वही लिहायची अपेक्षा करू नका." डोळ्यांत पाणी होतं. आमच्यातल्या एकीनंही त्यांना "बसा" म्हटलं नाही. ते आम्हाला अजून खुपतं.

आमच्या अध्यक्षांची सून लग्नाआधी कोल्हापुरात एका दुकानात हिशेब लिहायची. ती आतून सगळं ऐकत होती. वहिनी गेल्यावर बाहेर आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, फरक किती येतोय म्हणालात?"

"दोनशे सत्तर."

"दोन आणि सात?"

"नऊ. त्याचं काय?"

"मग पैसे कुणी घेतले नसतील. आकडा उलटा पडला असंल. वही द्या बघू."

आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती म्हणाली, दुकानात ताळा जुळला नाही की आमचे जुने मुनीम पहिलं हेच बघायचे. फरकाला नऊने भाग जातो का? जात असला तर कुठंतरी शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी पडलेत का ते शोधायचं. मग तिने २७० ला ९० ने भागलं. उत्तर तीन. म्हणाली, "शेकड्याच्या आणि दशकाच्या जागेवरच्या अंकांत तीनचा फरक असंल अशी रक्कम शोधूया. आठ-पाच, सात-चार, पाच-दोन, असलं काहीतरी." बँकेच्या भरणा स्लिपांचे अर्धे तुकडे एका पिशवीत होते. ते काढून वहीशी एकेक ताडायला लागलो. नोव्हेंबरच्या पानावर आलो आणि थांबलो. वहीत जमा ४,८५०. स्लिपवर ४,५८०. अकरा जणींची कार्डं मागवली, त्या महिन्याची बचत आणि हप्ते मिळवले. बेरीज ४,५८०.

म्हणजे पैसे कधी कमी नव्हतेच. वहीत २७० रुपये जास्त लिहिले गेले होते. रात्रीच्या अंधुक उजेडात आठ आणि पाच यांनी जागा बदलली होती. एवढंच.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या जणी वहिनींच्या घरी गेलो. चुकलो म्हणालो. त्यांनी चहा केला, वही परत घेतली. पण त्या दोन दिवसांत आम्ही जे बोललो होतो, ते काही परत घेता येत नाही. त्यांच्या लेकीच्या लग्नात आम्ही सगळ्या राबलो, तरी त्या म्हणाल्या होत्या ते आमच्या लक्षात आहे : "तुम्ही आधी वही बघितली असती, मग माझ्याकडं बघितलं असतं, तर बरं झालं असतं."

पुढच्या बैठकीत आम्ही त्या सुनेलाच पुढं बसवलं. म्हटलं, हे नऊचं काय आहे ते आम्हाला नीट सांग. तिनं पोरांची पाटी घेतली, खिशातली चिल्लर घेतली आणि जे सांगितलं ते आम्ही तुम्हाला सांगतो.

समजा माझ्याकडे ८५ रुपये आहेत. दहाच्या आठ नोटा आणि रुपयाची पाच नाणी. तुमच्याकडे ५८ आहेत. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची आठ नाणी. मोजून बघा, दोघींकडे मिळून नग तेरा-तेराच. फरक एवढाच की माझ्या तीन नोटांच्या जागी तुमच्याकडे तीन नाणी आहेत. एक नोट देऊन एक नाणं घेतलं की किती तोटा? दहा गेले, एक आला. नऊचा तोटा. तीनदा केलं म्हणून तीन नव्वे सत्तावीस. ८५ वजा ५८, सत्तावीसच.

आता शंभराची नोट देऊन दहाची घेतली तर? नव्वदचा तोटा. नव्वद म्हणजे दहा वेळा नऊ. हजार देऊन रुपया घेतला तर? ९९९ चा तोटा. तोही नऊच्या पाढ्यातलाच. म्हणजे अंक तेच ठेवून जागा कशाही बदला, फरक पडणार तो नऊच्या पटीतच. आणि नऊच्या पटीतली संख्या ओळखायची खूण आपल्याला शाळेतच शिकवली होती, अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊ येतात. २७०, दोन आणि सात नऊ. इतकी साधी गोष्ट. आम्ही पाढा पाठ केला होता, पण त्याचा उपयोग आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

हे झाल्यावर सून म्हणाली, आता एक गंमत दाखवते, आणि तिनं ६१७४ चा खेळ मांडला. तिला शाळेत बाईंनी शिकवला होता. आम्ही त्या दिवशी तासभर वजाबाक्या करत बसलो. ज्यांनी पंचवीस वर्षांत पेन्सिल धरली नव्हती, त्यासुद्धा. एकीचं उत्तर ६१७४ येईना. सगळ्या मिळून शोधायला बसलो, तर तिसऱ्या वजाबाकीत हातचा विसरला होता.

पण ६१७४ वरच का येतं सगळं? त्याचंही उत्तर त्या नोटांतच आहे. मोठ्या संख्येतून लहान वजा करताना सगळ्यांत मोठा अंक हजाराच्या जागेवरून एककाच्या जागी जातो आणि सगळ्यांत लहान अंक एककावरून हजाराला. म्हणजे त्या दोन अंकांत जेवढं अंतर, तितक्या वेळा ९९९. मधले दोन अंक शतक आणि दशकाची जागा बदलतात. त्यांच्यात जेवढं अंतर, तितक्या वेळा ९०. दोन्हींची बेरीज हेच वजाबाकीचं उत्तर. कोल्हापूरच्या कोडवर बघा. तीन आणि शून्यात अंतर तीन, म्हणून ९९९ तीनदा म्हणजे २९९७. दोन आणि एकात अंतर एक, म्हणून ९०. बेरीज ३०८७. आलं की नाही तेच?

आता पहिलं अंतर एक ते नऊच असू शकतं. आणि मधल्या अंकांचं अंतर पहिल्या अंतरापेक्षा मोठं होऊच शकत नाही. सगळ्या जोड्या मोजल्या तर भरतात चौपन्न. म्हणजे चार अंकी संख्या जवळजवळ दहा हजार, पण एकच वजाबाकी केली की ती सगळी गर्दी चौपन्न संख्यांत येऊन बसते. दहा हजारांची तपासणी कोण करणार? पण चौपन्न संख्या तर दोन दिवसांत कोणीही तपासेल. त्या सगळ्यांची वाट ६१७४ कडेच जाते. मोठ्या अंकात सहाचं अंतर आणि मधल्यात दोनचं असलं, तर ९९९ सहादा म्हणजे ५९९४, आणि १८०. बेरीज ६१७४. आणि ६१७४ चे अंक उतरत्या क्रमाने लावले, ७, ६, ४, १, तर सातातून एक गेला सहा, सहातून चार गेले दोन. तेच अंतर परत. म्हणून ती हलत नाही. यात चमत्कार कसला नाही. नीट मोजलं की दिसतं.

तीन अंकी संख्यांनाही असंच एक मुक्काम आहे, ४९५. करून बघा. दोन अंकींना मात्र नाही, त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ अशा फुगडीसारख्या फिरतच राहतात. पाच अंकींनाही एकच असा मुक्काम नाही.

६१७४ ची आणखी एक-दोन गुपितं सांगतो. तिच्या अंकांची बेरीज करा. सहा, एक, सात, चार. अठरा. आता ६१७४ ला १८ ने भागा. ३४३, बाकी शून्य. आणि ३४३ म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. अशी जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते तिला कापरेकर मास्तरांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आणि अठराचंच आणखी बघा. १८, अठरा गुणिले अठरा म्हणजे ३२४, आणि तीनदा अठरा गुणले की ५८३२. तिन्हींची बेरीज ६१७४!

मास्तरांनी आकड्यांना नावंही आपल्या घरातली दिली. २१ मध्ये तिचेच अंक मिळवा, दोन आणि एक, झाले २४. म्हणजे २१ ही २४ ची आई. पण २० घ्या. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाही. तिला आई नाही. अशा संख्येला त्यांनी म्हटलं स्वयंभू. आपण देवळात नाही का म्हणत, ही मूर्ती कोणी घडवली नाही, स्वयंभू आहे. तसंच. आणखी काही संख्यांना डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी 'डेम्लो' म्हटलं, कारण त्यांची कल्पना मास्तरांना त्या स्टेशनात सुचली. १११ ला १११ ने गुणा, येतात १२३२१. चढले आणि उतरले. नऊ वेळा एक लिहून त्या संख्येला तिनेच गुणलं तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. केवढी मोठी संख्या! आता दारातली रांगोळी आठवा. एक ठिपका, मग दोन, असं नऊपर्यंत चढायचं आणि परत एकापर्यंत उतरायचं. ओळी तशाच, अंक तेच. एकूण ठिपके किती? मोजत बसू नका, नऊ नव्वे एक्क्याऐंशी. कारण ती रांगोळी तिरकी करून बघितली तर नऊ ओळींत नऊ-नऊ ठिपक्यांचा चौकोनच आहे. आम्ही लहानपणापासून हे दारात काढत आलो आणि म्हणत आलो, गणित आमच्या डोक्यात बसत नाही.

आता कामाचं बोलू. वही लिहिणाऱ्या बायकांनी हे लिहून घ्या. ताळा जुळला नाही तर पहिली गोष्ट, माणसाचं नाव घ्यायचं नाही. फरकाचा आकडा कागदावर लिहायचा. त्याला नऊने भाग गेला, तर अंक उलटे पडलेत का बघायचं. शून्य गळलंय का किंवा जास्त पडलंय का तेही बघायचं, कारण ५०० च्या जागी ५० लिहिलं तर फरक ४५० येतो, तोही नऊच्या पटीतच. नऊने भाग गेला नाही, तर अंक नुसते उलटलेले नाहीत, दुसरं काही आहे. तेवढ्याच रकमेची नोंद राहून गेली का बघायचं. तेही नसेल आणि फरकाचे सारखे दोन भाग होत असतील, तर निम्म्या रकमेची नोंद शोधायची. जमेची रक्कम खर्चात पडली की फरक दुप्पट येतो.

पण एक सावधगिरी सांगतो. नऊने भाग गेला म्हणजे नक्की आकडाच उलटा पडला, असं नाही. पैसे खरंच गेलेले असले तरी योगायोगाने फरक नऊच्या पटीत येऊ शकतो. नऊचा पाढा कुठं शोधायचं ते सांगतो, निकाल देत नाही. निकाल पावती आणि कार्ड बघूनच द्यायचा. आणि उलटंही खरं. वही जुळली म्हणजे सगळं बरोबरच, असंही समजू नका.

आमच्या गटात आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. ताळा वर्षाने नाही, दर महिन्याच्या बैठकीत होतो. एक जण स्लिपवरची रक्कम मोठ्याने वाचते, अंक सुटे सुटे करून, चार-पाच-आठ-शून्य असं, आणि दुसरी वहीतली बघते. आणि वही लिहायला वहिनींच्या जोडीला दर तिमाहीला एक नवी बाई बसते. म्हणजे वहीचं ओझं एकीच्याच डोक्यावर राहत नाही, आणि संशयही एकीवरच येत नाही. बचत गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेब लिहिणं हे आहे. आम्ही ते सूत्र एकीवर ढकलून बाकीच्या जणी नुसत्या मान डोलवत होतो. चूक आठ-पाचची वहिनींची असेल, पण त्याच्या आधीची चूक आमची होती.

वेळ संपत आली. जाता जाता एक काम देतो. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या प्रत्येकीने एक चार अंकी संख्या आणायची. कोणी लेकीच्या जन्माचं साल आणा, कोणी म्हशीच्या पट्ट्यावरचे शेवटचे चार अंक. सगळ्यांनी मिळून वजाबाक्या करा आणि कोणाला किती लागल्या ते बघा. ज्यांना लिहायला येत नाही त्यांनी अंक सांगायचे, दुसरीने मांडायचे. कोणाचं उत्तर सात वजाबाक्यांनंतरही ६१७४ आलं नाही, तर तिला हसू नका. तिच्या शेजारी बसा आणि कुठल्या ओळीत हातचा राहिला ते दोघी मिळून शोधा.